उसनी चाकं

‘काम निघालंय,’ असं मिस्त्री म्हणाला की माझा हात आधी पैशांच्या डब्याकडे जायचा. लोकांच्या घरात आजारपण निघतं, भांडणं निघतात. आमच्या घरात वीस वर्षं पिकअपचंच काम निघत आलं. क्लचप्लेट गेली, काम निघालं. रेडिएटर गळायला लागला, काम निघालं. कधी कमानीचा पाटा तुटला, कधी सेल्फ मेला, कधी हौद्याचा पत्रा गंजून त्याची चाळण झाली. आणि दर वेळी मिस्त्री तेलकट हात चिंधीला पुसत मला म्हणणार, “वहिनी, एवढं एकदा करून टाका, मग दोन वर्षं बघायला नको.” मिस्त्रीची दोन वर्षं म्हणजे जेमतेम दोन महिने. माणूस वाईट नव्हता. जुन्या गाडीपुढे त्याचं तरी काय चालणार?

शेजारणी मला चिडवायच्या, पिकअप म्हणजे तुमची सवतच हो. मी म्हणायचे, सवत परवडली असती, तिने निदान चार भांडी तरी घासली असती.

आमचे हे मुळातच कमी बोलणारे. गाडी चालवताना काच कायम खाली, पाऊस असो नाहीतर थंडी, कारण इंजिन ऐकायचं असायचं. घरी जेवता जेवता मधेच हात थांबवून म्हणायचे, “वॉटरपंपचं बेअरिंग रडतंय बहुतेक.” मी म्हणायचे, “बायको रडते तेव्हा कुठे जातात हे कान?” मग हसायचे. त्यांचं हसू असं होतं की समोरच्याचा राग अर्ध्यातच गळून पडावा. माझा तर कितीदा पडला.

उन्हाळ्यात चढाला गाडी तापायला लागली की हे केबिनमधला हीटर सुरू करायचे. इंजिनची गरमी त्याने आत ओढली जाते म्हणे. इंजिन वाचायचं आणि आतला माणूस उकडून निघायचा. आमची लेक नोकरीच्या मुलाखतीला अशी ह्यांच्या शेजारी बसून गेली होती भर दुपारी. तिथे पोचली तेव्हा साहेबांनी आधी विचारलं, नळाखाली उभी राहून आलीस का? नोकरी लागली तिला, दुसऱ्या गावाला, तिकडेच तिने घर केलं. अजून फोनवर बापाला विचारते, बाबा, हीटर बंद केला का?

लाकूडबाजाराच्या मागे मोकळं मैदान आहे, तिथे पिकअपवाल्यांचा स्टँड. प्लायवूड, कपाटं, फ्रीज, घर बदलणाऱ्यांचं सामान, जे मिळेल ते न्यायचं. लोकांना वाटतं पिकअपवाला म्हणजे स्टेअरिंगवर बसलेला माणूस. कसलं बसणं! गिऱ्हाईक हमालाचे पैसे वाचवायला म्हणतं, “काका, जरा हात लावता का?” आणि ह्यांना नाही म्हणता यायचं नाही. तो जरा म्हणजे वॉशिंग मशीन तिसऱ्या मजल्यावर. असं जरा जरा करत ह्यांची पाठ कामातून गेली. सकाळी उठताना आधी कुशीवर, मग कोपरावर, मग पलंगाची कड धरून, असं हप्त्या-हप्त्याने उठायचे. डॉक्टरांनी फोटो काढला आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, आता वजन उचललं तर एखाद्या दिवशी उठताच येणार नाही. गाडी चालवली तर चालेल. उचलायचं काही नाही.

आता ज्याच्या धंद्यात उचलणं हाच अर्धा धंदा, त्याने काय करायचं?

ते मी शोधलं. मी दवाखान्याच्या लाँड्रीचं शिवणकाम करते. फाटक्या चादरींना ठिगळं लावायची, उशांच्या खोळींचे बंद शिवायचे, शनिवारी दुपारी गठ्ठा पोचवायचा आणि नवा आणायचा. तिथल्या मॅनेजरनेच बोलता बोलता सांगितलं की चादरी ने-आण करणारा गाडीवाला सोडून चाललाय, एक तारखेपासून दुसरी पिकअप हवी. मी तिथेच खुर्ची ओढून बसले. म्हटलं, चढवा-उतरवायचं कोण? तर म्हणाला, आमची माणसं आहेत. ड्रायव्हरने फक्त बसायचं. सकाळी दोन फेऱ्या, संध्याकाळी एक, आणि महिन्याच्या महिन्याला पैसे. अट एकच, गाडीचं पासिंग, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा आरटीओचा कागद, ताजं हवं, दवाखान्याचा नियम आहे.

‘ड्रायव्हरने फक्त बसायचं.’ हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत आले. ह्यांना सांगितलं तर पाठीमागे हात नेऊन कंबर दाबत राहिले. मग म्हणाले, “खरंच असं म्हणाला?”

पासिंगची तारीख मिळाली गुरुवारची, एक तारखेच्या अलीकडची. आणि मिस्त्रीने गाडीखाली डोकं घातलं. काम निघालं, पण असं निघालं की बोलता सोय नाही. ब्रेकचं मास्टर सिलिंडर आणि लायनर, आठ हजार. काळा धूर टाकते म्हणून इंजेक्टर, साडेपाच. बॅटरी सहाची. आणि चार टायर बावीस हजारांचे, कारण आधीच्यांच्या आतल्या तारा दिसायला लागल्या होत्या. गाडी विकायला काढली असती तर एवढेही आले नसते. मी मिस्त्रीला म्हटलं, गाडी तीच ठेवून बाकी सगळं नवं घालताय का?

ह्यांच्या खिशातून ब्रेक, इंजेक्टर आणि बॅटरी झाली. टायरना पैसे नव्हते. माझ्याकडे होते. माझे खालचे दात पडलेत, एका बाजूने चावते मी तीन वर्षं. कवळी बसवायला म्हणून ठिगळं लावून लावून साठवलेले पैसे होते. कुरकुर केली नाही असं नाही, चांगली तासभर केली. पण दिले. नवे टायर बसले तेव्हा ह्यांनी मला मुद्दाम गॅरेजात नेऊन दाखवले. काळेभोर, वर रबराचे बारीक केस अजून तसेच. मी म्हटलं, “छान आहेत माझे दात.” मिस्त्री इतका हसला की पाना हातातून पडला.

आता स्टँडवरची एक रीत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिथल्या पंधरा गाड्यांत एकही धड नव्हती. कुणाची बॅटरी चांगली तर टायर गुळगुळीत, कुणाचा सायलेन्सर नवा तर हेडलाइट फुटलेला. मग ज्याची पासिंगची तारीख असेल, त्याच्या गाडीवर सगळ्यांच्या चांगल्या वस्तू चढायच्या. ह्याची चाकं, त्याची बॅटरी, तिसऱ्याचा हॉर्न, चौथ्याचा आरसा. अख्ख्या स्टँडात मिळून एकच चांगली गाडी होती, आणि ती दर वेळी वेगळी नंबरप्लेट लावून पासिंगला जायची. संध्याकाळी मिस्त्रीच्या अंगणात ती परत सोडवायची आणि ज्याचं त्याला द्यायचं. तपासणाऱ्या साहेबांना कळायचं की नाही, देव जाणे. पण इतक्या वर्षांत कुणाचा एक नट इकडचा तिकडे झाला नव्हता. ह्यांना त्याचा केवढा अभिमान! जणू बँकच चालवत होते. आणि ह्या बँकेत सगळ्यात जास्त कोण देत होतं, ते विचारूच नका.

साखऱ्या म्हणून एक होता स्टँडवर. खरं नाव कुणी घेत नव्हतं, तोंडात साखर म्हणून साखऱ्या. त्याची तारीख सोमवारची, आमच्या तीन दिवस आधी. रविवारी सकाळी दारात उभा.

“वहिनी, चहा टाका. तुमच्या हातच्या चहाशिवाय आमचं पान हलत नाही.”

“काय हवंय ते आधी बोल,” मी म्हटलं.

“तुम्हाला तर सगळं आधीच कळतं. चाकं हवीत. आणि बॅटरी. एक दिवस.”

मी सरळ नाही म्हटलं. म्हटलं, चार दिवसांवर आमची तारीख आहे, आणि ते टायर माझे दात आहेत. त्याने कान पकडून दाखवले, “उद्या संध्याकाळी दात परत, वहिनी. हवं तर एखादा जास्तीचा देतो.” मग ह्यांच्याकडे बघून हसला.

ह्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्याच्यासमोर एवढंच म्हणाले, “एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आपला उजवा हेडलाइट तडकलाय, सायलेन्सर गळका आहे. बुधवारी मलाही मागायचंच आहे कुणाकडे तरी.”

त्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून मला आणखी संताप आला. दुपारी मिस्त्रीच्या अंगणात आमची चाकं त्याच्या गाडीला गेली आणि त्याची टकली चाकं आमच्या गाडीला. बॅटरीची अदलाबदल झाली. ह्यांनी स्वतः वाकून नट आवळले, एकेक, पुन्हा एकदा तपासून.

सोमवारी संध्याकाळी साखऱ्या आला नाही. फोन बंद. हे म्हणाले, उशीर झाला असेल, रांग असते. मला आधी अंदाज आला होता असं आता म्हणणं सोपं आहे, पण तेव्हा मलाही रांगच वाटली. मंगळवारी सकाळी मिस्त्री सायकल ढकलत आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, साखऱ्याने गाडी विकली. बाहेरगावचं गिऱ्हाईक पासिंगच्या मैदानाबाहेरच थांबलं होतं. पासिंगचा कागद हातात पडला, त्याने पैसे मोजले आणि किल्ली घेऊन निघून गेला. आमच्या चार चाकांसकट, बॅटरीसकट. दुसऱ्या कुणाचा हॉर्न आणि आरसाही गेला. साखऱ्याने खोली आदल्या आठवड्यातच रिकामी केली होती. एवढी तयारी करून हा माणूस माझ्या घरी चहा पिऊन गेला होता.

“गिऱ्हाइकाचं नाव-गाव?” मी विचारलं.

“कुणालाच ठाऊक नाही, वहिनी.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी ह्यांना म्हटलं, शर्ट घाला, पोलिसात जायचं. आणि काय आश्चर्य, हे उठले. मुकाट्याने इस्त्रीचा शर्ट घातला, बटणं लावली, आरशात भांग पाडला. एवढ्यात स्टँडची मंडळी आली. पुढे अध्यक्ष. युनियनला ना ऑफिस ना पाटी, पण ह्या माणसाला अध्यक्ष म्हटल्याशिवाय ओ द्यायचा नाही. मागे आणखी चौघं. आमच्या खोलीत पलंग आणि माझं शिलाई मशीन सोडलं तर उभं राहायला जागा नाही. तरी सगळे मावले.

मला वाटलं, धीर द्यायला आलेत.

अध्यक्ष पलंगावर टेकला आणि ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “दादा, झालं ते वाईटच झालं. पण पोलिसात जाऊ नका.”

“का नको?” मी म्हटलं.

“पहिला प्रश्न काय येईल, वहिनी? तुमची चाकं त्याच्या गाडीला गेली कशी?”

“गेली तशी सांगू.”

“तेच म्हणतोय. खरं सांगितलं की अख्ख्या स्टँडच्या गाड्या परत पासिंगला बोलावतील. एक तरी पास होईल का? पंधरा घरं रस्त्यावर येतील.”

“आणि आमचं सोळावं का?”

अध्यक्षाने घड्याळ बघितलं. मी म्हटलं, “बरं. नाही जात पोलिसात. मग तुम्ही सगळ्यांनी मिळून गुरुवारी चार चाकं आणि एक बॅटरी द्या. एका दिवसापुरती. रीतच आहे ना तुमची? एक तारखेला ह्यांचं लाँड्रीचं काम सुरू व्हायचंय. ह्यांची पाठ कशी आहे ते तुम्हाला दिसतंय.”

आता सगळ्यांना माझ्या मशीनवरची चादर बघायची होती. एकजण खाली बघून म्हणाला, “वहिनी, आता तसं राहिलं नाही. घरचे म्हणतात, गाडीचा एक स्क्रूसुद्धा बाहेर द्यायचा नाही.”

“ह्यांच्यावर भरवसा नाही तुमचा?”

“ह्यांच्यावर आहे हो. पण पद्धतच बंद केली आम्ही. कालपासून.”

कालपासून! इतकी वर्षं चाललेली पद्धत नेमकी कालपासून बंद. मी एकेकाला नावानिशी विचारलं. तुझी गाडी कुणाच्या बॅटरीवर पास झाली? तुझी बायको बाळंतीण होती तेव्हा तुझ्या गाडीचा क्लच कुणी खाली झोपून बसवला? आणि अध्यक्ष, मागच्या वर्षी तुमच्या पुढच्या दोन चाकांवर कुणाचे टायर होते? अध्यक्ष उठला. म्हणाला, वहिनी रागात आहेत, साहजिक आहे. आणि पाच जण पाठ फिरवून निघून गेले.

हे उभेच होते, इस्त्रीच्या शर्टात. मी म्हटलं, “चला.” तर बटणं काढायला लागले. शर्ट खुंटीला नीट टांगला, कॉलर सरळ केली.

“जाऊ दे,” म्हणाले. “पंधरा घरं आहेत.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी किती बोलले ते सांगत नाही. तुमच्या अंगात पाणी आहे की डिझेल, इथपर्यंत बोलले. ते ऐकत राहिले. मी दमले तेव्हा म्हणाले, “मी सांगितलं तर त्यांचं जाईल. पण माझी चाकं थोडीच परत येणार आहेत?” ह्याला उत्तर होतं का? होतं. चाकं न येवोत, पण त्यांनाही कळू दे ना! पण हे असं उत्तर ह्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

गुरुवारी मी बरोबर गेले. मिस्त्रीने कुठून तरी एक बॅटरी आणून दिली, ती अर्ध्या रस्त्यात मेली. पासिंगच्या मैदानात आमची गाडी अनोळखी माणसांनी ढकलत आत नेली. साहेब तरुण होता, बोलायला नीट. ब्रेक तपासले आणि म्हणाला, “ब्रेक एकदम छान आहेत हो.” इंजेक्टरमुळे धूरही पास. मग तो टायरजवळ वाकला. नुसतं बोट फिरवलं आणि ह्यांच्याकडे बघितलं.

“काका, ह्या चाकांवर इथपर्यंत आलात कसे?”

मी ह्यांच्याकडे बघत होते. आता तरी बोलतील. एक वाक्य पुरे होतं.

“हळूहळू आलो, साहेब,” हे म्हणाले.

गाडी नापास. पुढची तारीख महिन्याने. लाँड्रीच्या मॅनेजरकडे मी धावत गेले, हातापाया पडायचीच बाकी राहिले होते. तो म्हणाला, “बाई, माझ्या हातात असतं तर थांबलो असतो. एक तारखेला चादरी न्यायलाच हव्यात.” त्याला पासिंग असलेली दुसरी पिकअप मिळालीसुद्धा होती. कुणाची ते विचारायचं कारण नव्हतं, तरी विचारलं. अध्यक्षाची.

त्याला ते काम आहे हे कुणी सांगितलं? मीच. आमच्या पलंगावर बसून त्याने ऐकलं होतं, ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून.

गाडी घराबाहेर उभी राहिली. पासिंग नाही म्हणजे भाडं नाही, भाडं नाही म्हणजे टायर नाहीत, टायर नाहीत म्हणजे पासिंग नाही. महिनाभर हे रोज सकाळी बाहेर जाऊन तिची काच पुसायचे. मग एक दिवस भंगारवाल्याला घेऊन आले. नवे ब्रेक, नवे इंजेक्टर, आठ नि साडेपाच हजारांचे. त्याला त्याचं काय? त्याने सगळं लोखंड म्हणूनच धरलं. गाडी ओढून नेली तेव्हा जमिनीवर तेलाचा काळा डाग राहिला. मी त्यावर राख टाकून घासलं, पण गेला नाही.

आठवड्याने हे संध्याकाळी घरी आले ते वेगळाच चेहरा करून. “अध्यक्षांनी मला गाडीवर ठेवलंय,” म्हणाले. “लाँड्रीच्या. त्यांना पहाटे उठवत नाही म्हणे. मी चालवणार.”

मला अध्यक्षाचं नावसुद्धा ऐकायचं नव्हतं. पण ड्रायव्हरने फक्त बसायचं, हे माझं मलाच आठवलं. म्हटलं, मालक कुणी का असेना, पाठ तरी सुटली. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली. लेकीला फोनवर सांगितलं, बाबांना बसून काम मिळालं. ती म्हणाली, आई, अध्यक्षाच्या मनाला लागलं असेल. मी म्हटलं, लागलं असेल बाई. असं म्हटलं मी, माझ्या तोंडाने.

हे पहाटे निघायचे, दुपारी येऊन पडायचे, संध्याकाळी परत. रात्री पाठीला तेल चोळताना मी विचारायचे, बसून असता तर एवढी का ताठलीय? म्हणायचे, त्या गाडीची सीट खाली आहे, सवय नाही. मला पटायचं. नवी सीट म्हटल्यावर लागतोच थोडा वेळ.

मी लाँड्रीत जायचे ते शनिवारी दुपारी. त्या आठवड्यात कसलीशी तपासणी होती म्हणून मॅनेजरने गठ्ठा बुधवारी सकाळीच मागवला. मी मागच्या दाराने आत गेले. वाफेने समोरचं दिसत नव्हतं, फिनेलचा वास नाकात जात होता. चादरी पिळणारी बाई ओळखीची, ती म्हणाली, “बाई, जरा थांबा, माल उतरतोय.” मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “हा नवा गाडीवाला लबाड आहे. हमालही माझाच देतो म्हणाला आणि दर वाढवून घेतला. आणि आणलाय कुणाला, तर म्हातारा माणूस. पण बिचारा कुरकुर करत नाही हो.”

दारातून मला दिसलं. पिकअप मागे लावलेली. केबिनमध्ये काच वर करून अध्यक्ष बसला होता, फोन बघत. हौद्याजवळ आमचे हे. दवाखान्याच्या चादरींचं गाठोडं, रात्रभराच्या घाणीने आणि ओलीने जड झालेलं, दोन्ही हातांनी ओढून पाठीवर घेतलं. अर्ध्यात थांबले. हौद्याची कड धरली. मग एक पाय, मग दुसरा, असे आत चालत आले आणि धुण्याच्या टाकीजवळच्या ढिगावर ते टाकून परत फिरले. गाडीत अजून तशी कितीतरी होती.

अध्यक्षाने काच खाली न करता आतूनच हॉर्न दिला, लवकर आटपा म्हणून.

माझं तोंड अख्ख्या गल्लीला माहीत आहे. नळावर, दुकानात, पासिंगच्या मैदानात, कुठेही मी गप्प बसलेली कुणी पाहिली नाही. त्या क्षणी वाटलं, जाऊन त्या काचेवर दगड घालावा, त्याच्या गळ्याला धरून त्याला त्या घाणीच्या ढिगात लोटावं. पण मी पुढे गेले असते तर ह्यांनी मला बघितलं असतं. आपण काय सांगून घरातून निघालो आणि बायकोने काय पाहिलं, हे त्यांना कळलं असतं. ते मला नको होतं. मी वाफेच्या आड भिंतीला चिकटून उभी राहिले. गाडी निघून गेली तेव्हा पिळणाऱ्या बाईने विचारलं, “काय हो, बरं वाटत नाहीये का?” मी म्हटलं, “वाफ लागली.” गठ्ठा तिथेच टाकून मी घरी आले.

दुपारभर मशीन चालवलं. काय शिवलं ते ठाऊक नाही, नंतर सगळं उसवावं लागलं. रडले, शिव्या दिल्या. साखऱ्याला, अध्यक्षाला, त्या पंधरा घरांना, आणि खोटं कशाला बोलू, ह्यांनाही. इतकं चांगलं असण्याचा मला मनापासून तिटकारा आला.

संध्याकाळी हे आले. मी पाणी तापवून ठेवलं होतं. अंघोळ करून जेवायला बसले, भिंतीला पाठ टेकून. मी वाढलं आणि समोर बसले.

“कशी आहे हो ती गाडी चालवायला?” मी विचारलं.

त्यांनी मान वर केली. थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग ताटात.

“चांगली आहे,” म्हणाले. “स्टेअरिंग जरा डावीकडे ओढतं. अलाइनमेंट करायला हवं. तिसरा गिअर पडताना अडतो, पण अंदाज आला की पडतो. वळणावर मागून जरा झोल खाते, माल ओला असला तर जास्त.” बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला होता. हात आपोआप गिअर टाकल्यासारखा हलत होता. “बाकी चालवायला मजा येते.”

“दमला असाल पण.”

“छे गं,” हे म्हणाले. “बसून कसला माणूस दमतो?”